ना कोरडं, ना ओलं

आमचे हे नळकाम करतात. तीस वर्षं लोकांच्या घरातली गळती शोधली, त्यामुळे कुठे थेंब दिसला की ह्यांचा जीव खालीवर होतो. खांद्यावर कोरडं फडकं कायम.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा पाण्याची काचेची टाकी आणि तिच्यातली पिवळी गोगलगाय ह्यांच्या गळ्यात घालून गेली. "बाबा, नुसतं खायला घाला. दुरुस्ती करू नका," असं बजावलंही होतं.

महिन्याभरात टाकीच्या झाकणाला आतून गुलाबी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला. हे चक्रावले. लेकीला फोन लावला.

"अंडी आहेत ती, बाबा! राहू द्या तिथेच."

"अगं, पाण्यातला जीव पाण्याबाहेर अंडी कशाला घालेल?"

"घालते. पाण्यात पडली तर मरतात. सुकली तरी मरतात."

"म्हणजे कोरडं ठेवू की ओलं?"

"ना कोरडं, ना ओलं. दमट."

भिंत दमट झाली की लोक ह्यांना बोलावतात. मुद्दाम दमट ठेवायचं म्हणजे काय, ते काही ह्यांच्या डोक्यात शिरेना. आणि रोज सकाळी चहाआधी झाकणाखालचे थेंब मात्र न चुकता पुसत होते! माझ्या लक्षात आलं तोवर अंड्यांचा भुगा झाला होता.

"हात दाखवून अवलक्षण!" मी म्हणाले.

गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. एकदा जोडी जमली की ती पुढे महिनोन्महिने अंडी घालू शकते म्हणे. जोडीदार नसताना तिने पुन्हा घोस घातला, आणि चार दिवसांनी मेली. हे मात्र लेकीला फोनवर सांगत राहिले, "मजेत आहे." मला असा राग आला! पण आधी घोस वाचवायला हवा होता. तो घोस गेला असता, तर लेकीने सांभाळायला दिलेलं काहीच उरलं नसतं.

शेवटी ह्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "लपवून ठेव." घोस अलगद सोडवला, डब्यात ओल्या कापसावर ठेवला, झाकण लावून डबा टाकीत तरंगता सोडला. तिसऱ्या आठवड्यात घोस करडा पडला. "सडला गं," म्हणत हे डबा घेऊन कचऱ्याकडे निघाले.

"टाकाल तर याद राखा!" मी ओरडले. खरं तर मलाही काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कापसावर मोहरीएवढी पिल्लं सरकत होती, इवल्या शंखासकट. ह्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावून सगळं कबूल केलं: पुसलेले थेंब, मेलेली गोगलगाय, सगळं.

"अहो बाबा, पिल्लं झाली ना? मग रडताय कशाला?"

ह्यांनी डोळे पुसले, गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग. ही गळती कुठली, मला सापडत नाहीये."

मी सांगितलं, "तू गेल्यापासून घर खायला उठतं गं त्यांना. ये दोन दिवस."