दोन्ही बाह्या डाव्या

साहेब सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "हिची नजर म्हणजे जन्मजात देणगी." माझं डोकंच फिरलं.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग तपासते. त्या दिवशी एका जोडीतले दोन्ही भाग डाव्या बाजूचेच काढलेले होते. चौघांनी ते पास केले होते. मला बघताक्षणी चूक दिसली.

दिसणारच! चामराजपेटच्या आमच्या घरात आई दिवसभर शिवणकाम करायची. बारा वर्षांची असताना गौरीच्या सणासाठी मी माझा ब्लाउज स्वतः कापला. दुसरी बाही कापताना बाहीच्या मापाचा कागद उलटा ठेवायचा असतो, तेच विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. आई ओरडली नाही. तिने तो तसाच शिवायला लावला आणि सणाला दिवसभर माझ्या अंगावर ठेवला. उजवा हात पुढे केला की काखेत काचायचं. हळदीकुंकवाला आलेल्या अक्का विचारायच्या, "काय गं, हात दुखतोय का?"

त्यानंतर वर्षानुवर्षं कात्री लावण्याआधी आई मला डोळे मिटायला लावायची आणि बाही मनातल्या मनात उलटी करून घ्यायची. चुकलं की पुन्हा. आता कुठलीही वस्तू पाहिली की तिची उलटी बाजू आपोआप डोळ्यांपुढे येते.

त्या कौतुकाच्या दुसऱ्या दिवशी मी तो जपून ठेवलेला ब्लाउज नेऊन साहेबांच्या टेबलावर पसरला.

"सर, जन्मजात म्हणाल तर माझ्याकडे एवढंच होतं."