चौकीतला दिवा

आमच्या जावा बेटातल्या ज्वालामुखीवर लक्ष ठेवायला तुगिमिन वरच्या चौकीत असतो. परवा तिथल्या भूकंपमापक यंत्राची सुई थरथरायची थांबेना, तेव्हा गाव सोडा म्हणून सांगत तो दारोदार फिरला. गिनेमकाकू गाईंसाठी गवत कापत होती.

“तू निघालास का?” तिनं विचारलं.

“मला चौकी सोडता येत नाही, काकू.”

“मग तुझा दिवा दिसतोय तोवर आम्हाला कसली आलीय भीती?”

अख्ख्या गावाचं तेच उत्तर. तुगिमिन हात हलवत परतला. संध्याकाळी त्यानं मुद्दाम दिवा लावलाच नाही. आता तरी ही माणसं पळतील, असं बिचाऱ्याला वाटलं.

आम्ही घाबरलो खरे. तुगिमिनला काही झालं असेल म्हणून अख्खं गाव डोंगर चढायला लागलं. तो चौकीच्या दारात उभा राहून, अंधारातून वर येणारे आमचे कंदील नुसता बघत राहिला.