माग काढताना संतोषदादा हसायचा

हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या मी परत "कुछ नहीं यार" म्हणून टाळीन. हातावरचा निळा रंग अजून धुतला नाहीये.

आज इथे ग्वाल्हेरला मुरारच्या पुढे पेंटबॉल खेळायला गेलो होतो. माझी चुलत बहीण नेहा, तिचा भाऊ चिन्मय, आणि दौलतगंजची आमची गँग. खेळाचं नाव 'शिकार'. एकाने आधी पळायचं, बाकीच्यांनी शोधून रंगाची गोळी मारायची. आज शिकार नेहा होती. सच्ची सांगतो, जाम मजा येत होती. मोडलेलं गवत, बुटाचा ठसा, मला सगळं दिसत होतं. मग बाभळीच्या काट्यावर तिची टोपी दिसली.

"मिल गई!" चिन्मय ओरडला आणि हसत सुटला.

मी त्याची कॉलर धरून त्याला खाली आपटलं आणि त्याच्यावर पडून राहिलो. झुडपामागून नेहाने माझ्या पाठीत गोळी घातली. "मेलास, दादा!" सगळे हसले. चिन्मयच्या हनुवटीतून रक्त येत होतं. मग कोणी हसलं नाही.

काकू तेव्हापासून विचारतेय, झालं काय तुला. काकू, हे झालं होतं.

माझी पोस्टिंग जम्मूच्या डोंगरात होती. माझा बडी लान्स नायक संतोषदादा, गडहिंग्लजकडचा. बडी म्हणजे जोडीदार. जेवण, गस्त, ड्यूटी, सगळं जोडीने. एक पुढे सरकला की दुसरा थांबून त्याला कव्हर देतो. माझ्या बोलण्यावर तो रोज हसायचा. "आरं ग्वाल्हेर, ही मराठी हाय का हिंदीला फोडणी?"

रविवारी कंपनीत एक खेळ व्हायचा. एक जवान ससा. तो कागदाचे तुकडे टाकत जंगलात पळायचा, बाकीचे मागावर. पकडणाऱ्याला फौजी लंगरमधला जास्तीचा हलवा. बहुतेक दादाच जिंकायचा. नवा तुकडा दिसला की त्याच्या तोंडावर हसू फुटायचं. खेळ ट्रेनिंगसाठी होता, पण आम्हाला त्यात मजाच यायची.

त्या दिवशी सकाळी फायरिंग झाली. एक आतंकी जखमी होऊन नाल्यात उतरला. आमची जोडी सगळ्यात पुढे होती. दगडावर रक्त होतं.

"ताजं हाय," दादा म्हणाला. "लांब न्हाई गेला."

मी वायरलेस सेटवर कळवलं. उत्तर आलं, "टायगर टू, वहीं रुको. डॉग पार्टी आ रही है. ओव्हर."

दादा थांबला. खरंच थांबला, हे सगळ्यांना माहीत असावं. गुडघ्यावर बसून समोर बघत राहिला. मग झुडपात पट्टीचा तुकडा दिसला, रक्ताने भिजलेला.

"त्या दगडापातुर जातो. तू कव्हर दे."

"दादा, ऑर्डर आहे."

"तुझ्या नजरेतच हाय की रं."

तो सरकला. दगडापाशी पोचला. पुढे अजून एक तुकडा होता. तोही काट्यावर, छातीच्या उंचीवर, नीट अडकवलेला. जखमी माणूस पळताना असं काही सोडत नाही. असं ससा सोडतो, मागच्यांना दिसावं म्हणून. मला हे कळलं तोवर दादा उठून धावायला लागला होता.

"दादा, रुक जा!"

घाईत हिंदीच निघाली. त्याने वळून बघितलं. हसत होता. रविवारी हसायचा तसाच.

मग स्फोट झाला.

"टायगर टू. वन कॅज्युअल्टी. ओव्हर." माझा आवाज एकदम शांत होता म्हणे. मला आठवत नाही. डॉग पार्टी आली. कुत्रा दादाला हुंगून शेजारी बसला. दादा गेला होता.

त्याची आई अजून फोन करते. जेवलास का विचारते, आणि शेवटी दरवेळी तेच. "लई तरास झाला का रं त्याला?" मी म्हणतो, नाही काकी, काही कळलंच नाही त्याला. तो हसत होता, एवढं मात्र मला बोलता येत नाही. ऐकून तिला बरं वाटेल, की तिची झोप पण माझ्यासारखीच जाईल?

तुमचं कोणी असं गेलंय का, ऐन मजेत, तुमच्या डोळ्यांसमोर? ते हसू तुम्ही त्याच्या घरच्यांना सांगितलंत का?