तिसरं ड्रिल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुरखेड्याला अंगणात धान वाळत घालत होते. "बाई, तुमचे भाऊ गेले," एवढंच ती म्हणाली. मी धान तसंच टाकून निघाले. भाऊच्या गावी, गडचांदूरला पोचेपर्यंत बसमध्ये मी रडले नाही. मला एका माणसाचा राग येत होता, आणि तो माणूस जिवंत होता.

केशवभाऊ माझा थोरला भाऊ. सिमेंटच्या एका कारखान्यात, यंत्रदुरुस्तीच्या खात्यात, तो हत्यारांना धार लावायचा. लोखंड कापणारी, लोखंडाला भोक पाडणारी हत्यारं वापरून बोथट झाली की त्याच्याकडे यायची. ड्रिलच्या टोकाच्या दोन्ही धारा अगदी सारख्या हव्यात, एक जरा लांब राहिली की भोक वाकडं जातं, असं तो मला समजावून सांगायचा. जणू मी कारखान्यातच नोकरीला लागणार होते! स्टोअरमध्ये नवी पेटी आली की प्रत्येक ड्रिलच्या दांड्यावर कारखान्याची खूण म्हणून टोकदार पंचाने तीन बारीक ठिपके ठोकायचं कामही त्याचंच. त्याच्या हाताचा त्याला मोठा अभिमान होता. मग एकदा अशी ठिपके ठोकलेली नव्या ड्रिलची पूर्ण पेटी गायब झाली आणि त्यातली दोन भाऊच्या डब्याच्या थैलीत सापडली. "मी डोळ्यांनी पाहिलं याले ठेवताना," असं त्याच्या फोरमनने साहेबांपुढे सांगितलं. पेटीतली बाकीची ड्रिलं कुठे गेली, हे कुणी विचारलंच नाही. भाऊकडून राजीनामा लिहून घेतला आणि फाटकापर्यंत दोन शिपायांच्या मधून चालवत नेलं.

फोरमनचं नाव मी लिहीत नाही. गडचांदुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

भाऊने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुना ग्राइंडर बसवला. सुरुवातीला चोराकडे कोण येणार? पण राजुऱ्यापर्यंतच्या, लेथवर लोखंड कातणाऱ्यांना धारेची गरज होती, आणि भाऊच्या हातची धार दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. दगडावर टेकवलेलं टोक तो क्षणभरच ठेवायचा, लगेच पाण्यात बुडवायचा. तापून निळं पडलं की धार टिकत नाही, म्हणून निळं पडू द्यायचा नाही. आमची आई मात्र शेवटपर्यंत बाजारात गेली नाही. "लोक पाहून राह्यले," म्हणायची. ती तशीच गेली, आणि हेही मी त्या फोरमनच्या नावावर धरते.

फोरमन निवृत्त झाला आणि भाऊच्याच रस्त्यावर त्याने स्वतःचं लेथचं दुकान टाकलं. थोड्याच दिवसांत एक वेल्डर भाऊकडे एक मोठं, झिजलेलं ड्रिल घेऊन आला. भाऊने रॉकेलच्या फडक्याने त्याच्या दांड्यावरची काळी चिकट पुटं पुसली. खाली तीन ठिपके होते.

"कोणाचं आहे हे?"

"दुकानवाल्या फोरमनसाहेबाचं. तुमच्यापाशी त्याचं नाव काढू नोको म्हणे."

वहिनी सांगते, भाऊ बराच वेळ ते ड्रिल मांडीवर घेऊन बसला होता. मग उठला आणि त्याने त्याला धार लावली. जन्मात लावली नसेल अशी. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, भाऊ स्वतः गेला आणि ते ड्रिल फोरमनच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, दोन माह्या थैलीत निंगाले होते. हे तिसरं. बाकीचे कुठी आहेत?"

फोरमन म्हणाला, "काऊन तमाशा करून राह्यला?" पण त्याने ड्रिलला हात लावला नाही. ठिपके सगळ्यांनी पाहिले. कारखान्यातले जुने लोकही होते त्यात... कारखान्याने पुढे काहीच केलं नाही, कागद जुने झाले म्हणे. मात्र गावाने केलं. फोरमनच्या दुकानातली गर्दी विरत गेली. त्याच्या हत्यारांना भाऊने पुन्हा कधी धार लावली नाही. तो दुसऱ्यांच्या हातून पाठवायचा, पण भाऊ ओळखायचा. तेल न देता जोर लावल्याने त्याच्या ड्रिलचे कोपरे जळालेले असायचे. भाऊ ती तशीच बोथट परत पाठवायचा, वर कागदात नीट गुंडाळून.

दवाखान्यात मी भाऊला शेवटची भेटले तेव्हा त्याला बोलताना धाप लागत होती. "लोक म्हंतात जाताना माफ करा. मले नाई जमलं, शालू. तू बी नोको करू."

तेरवीला फोरमन आला. जेवणाच्या पंगतीत बसला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "केशव माह्या हाताखालीच शिकला. एक चूक झाली त्याच्याच्यानं, पण आपन कवाच माफ केलं."

मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं. "उभे राहा," मी म्हटलं, "आणि सांगा सगळ्यांना, पेटी कोणी नेली ते. मंग जेवा."

पंगत थांबली. तो इकडेतिकडे बघत राहिला. कुणी म्हणेल, जाऊ द्या बाई, म्हणून वाट बघत असावा. कुणी म्हटलं नाही. शेवटी भरल्या ताटावरून उठला आणि हात न धुता निघून गेला. मला बरं वाटलं. आजही वाटतं, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीकडे गेले होते. सकाळी चहा घेत असताना ती उठली, पत्र्याच्या खोलीत गेली आणि तिने ग्राइंडर सुरू केला. धार लावायला तिथे काहीच नव्हतं. दगड नुसताच फिरत होता, त्याचा चिरका आवाज रस्ताभर जात होता.

"वहिनी, हे काऊन चालू केलं?"

"तो फोरमन दुकान उघडाले आला असंन आता," ती म्हणाली. "तुमचे भाऊ रोज याच टायमाले चालू करत. काम असो का नसो... त्याले आयकू गेलं पाह्यजे."