वैनगंगेतून काढलेले लाउडस्पीकर

नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीनं निघालो तेव्हा मी खुशीत होतो. लग्नाकार्याला आणि नाटकांना लाउडस्पीकर भाड्यानं देणं, बिघडलेले दुरुस्त करणं हा माझा धंदा. वैनगंगेपलीकडच्या एका गावात माणसाच्या उंचीच्या पेट्यांचे दोन जुने लाउडस्पीकर विकायचे आहेत, पाण्यात भिजल्यामुळे बंद आहेत, असं कळलं होतं. नवे घेण्याची माझी ऐपत नव्हती. वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. तोवर हे दुरुस्त झाले तर माझं नशीब उघडणार होतं.

मूलला उतरलो, सकाळच्या मोटारीनं सावली गाठली. पुढं रेंगी (छोटी बैलगाडी) केली, पण वाटेत चाकाची लोखंडी धाव निसटली आणि उरलेली वाट मी बांधाबांधानं तुडवली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान होतं. घाटावर पोचलो तेव्हा पाय चिखलानं भरले होते.

नदी अजून भरलेली होती. दोन डोंगे (खोड कोरून केलेल्या नावा) एकत्र बांधून दसरू नावाचा नावाडी माणसं पार करत होता.

"कोणाकडे जाता जी?" त्यानं विचारलं.

"सिनेमाचा तंबू चालवायचे, त्यांच्याकडे. लाउडस्पीकर बघायला."

पलीकडे उतरल्यावर त्यानं माझ्याकडून नावेचं भाडं घेतलं नाही.

तंबूवाल्याची बायको कौसल्याबाई. तिशीची असेल. तिनं आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग भात आणि लाखोळीचं वरण (इकडची साधी डाळ) वाढलं. पेट्या पडवीत गोणपाटाखाली होत्या.

एक उघडली. आत गाळ सुकून बसला होता. तो खरवडला आणि माझा हात थांबला. गाळाच्या थराखाली कॉइलची तार जळून काळी पडली होती. पाण्यानं तार जळत नाही. दुसऱ्या पेटीतही तेच.

"भाऊ, खरं सांगा," ती म्हणाली.

"बाई, या पाण्यानं बिघडल्या नाहीत. यजमानांना विकल्या तेव्हाच जळलेल्या होत्या. ही तार आता कुठं मिळत नाही."

तिनं पेटीवर हात ठेवला.

"याच आणून राह्यले होते ते. नदीच्या मधात डोंगा पालटला. पेट्या पह्यले काढ म्हणून तेच ओरडले. दसरूनं एक काठाले लावली, मंग दुसरी लावली. वळून पाह्यलं त मालक नाई."

तिनं गोणपाट परत पेट्यांवर ओढलं.

"मंग नका घेऊ भाऊ. तुमचं नुसकान काऊन करू? पण दसरूले नका सांगू. पेट्या तरी वाचल्या म्हणून तो तग धरून आहे."

मी रिकाम्या हातानं घाटावर आलो. दसरूनं डोंग्यांत तणस (भाताचा पेंढा) अंथरलं होतं, पेट्यांना धक्का लागू नये म्हणून.

"पेट्या कुठी हायेत?"

"बाईंचा विचार बदलला."

"नाई जी. त्यायले त इकाच्याच हायेत. वाजतीन का त्या?"

"वाजतील."

"मंग नेत काऊन नाई?"

"उचलायला माणसं आणतो," म्हणालो आणि मागे वळलो.

मला पाहून कौसल्याबाईच्या लक्षात आलं. "त्यानं इचारलं?"

"हो. घेतो मी पेट्या."

"मंग फुकट न्या. जळलेल्याचे पैसे घेऊ का मी?"

"फुकट नेल्या तर त्याला कळेल, बाई."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग पैसे घ्यायला हात पुढं केला.

चार गड्यांनी पेट्या डोंग्यांत चढवल्या. मधल्या धारेत दसरूनं क्षणभर बांबू थांबवला. "इथीच," एवढंच बोलला. अलीकडच्या काठावर त्यानं पेट्यांना चिकटलेलं तणस स्वतः झाडलं.

"वाजल्या की एक कार्ड टाका जी. मले वाचता येत नाई. मास्तर वाचून दाखवतीन."

नागपुरात परत आल्यावर पंधरा दिवस मी त्या पेट्यांशी झटलो. दुसऱ्या जाडीची तार गुंडाळून पाहिली. नुसती घरघर आली, मग तीही बंद पडली. शेवटी कार्ड लिहिलं : दोन्ही पेट्या उत्तम वाजतात.

माघात त्या घाटाच्या अलीकडच्या काठावरल्या एका नाटकाचं बोलावणं आलं. लहान भोंगे लावून काम भागलं असतं आणि मला त्या कामाची गरजही होती. पण आपल्या पेट्यांचा आवाज ऐकायला दसरू नदी ओलांडून येईल, अगदी पुढं बसेल, हे मला दिसत होतं. बायकोनं विचारलं, का जात नाही? प्रकृतीचं कारण सांगितलं. त्यानंतर वैनगंगेच्या त्या घाटाकडे मी कधी गेलो नाही.