ओळखीचे अक्षर

त्या प्रकरणाची आठवण मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, मुद्देमाल म्हणून जप्त झाला तो केवळ कागद. वर्तमानपत्रात बातमी आली ती चार ओळींची. तरीही माझ्या नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांपेक्षा मी त्या कागदांचा अधिक विचार केला आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपुरात, सदर नावाच्या भागातील एका ठाण्यात फौजदार होतो. एका बुधवारी दुपारी जवळच्या मुलींच्या शाळेतील शिपाईबाई ठाण्यात आल्या. शाळेत त्यांना सगळ्या मावशी म्हणत. टपाल मुख्याध्यापिकांकडे नेणे आणि नंतर मुलींना वाटणे हे त्यांचे एक काम होते. आमचे हवालदार त्यांच्या वस्तीतले, म्हणून त्या थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तक्रार अशी होती की नववीतली एक मुलगी तीन दिवस डबा उघडत नाही.

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "डबा नाई खाल्ला म्हनून रपोट लिहाची का वं आता?"

"तुमच्या पोरीनं नाई खाल्ला असता तं लिहली असती ना गा," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना आत बोलावले. त्यांनी जे सांगितले ते साक्षीदाराने सांगावे तसे होते, पाहिले तेवढेच. त्या मुलीला अमरावतीच्या मैत्रिणीची पत्रे येत. निळे पाकीट, सुंदर अक्षर. पत्र आले की मुलगी धावत येई. सोमवारी आलेले पाकीट तिने तिथेच फोडले, वाचले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मंगळवारी मावशींनी सहज हाक मारली तर ती संडासात जाऊन लपली.

"पोरगी बिमार नाई साहेब, भेली हाय. मी बाराक वर्सांपासून पोरी पाहून राहिली. पन बाईले नोका सांगू. माही नोकरी जाईन."

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शिस्तीसाठी त्यांचे नाव होते. शाळेच्या पत्त्यावर मुलीच्या नावे आलेले प्रत्येक पत्र त्या स्वतः उघडून वाचत. आक्षेपार्ह वाटले तर ते दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलींसमोर मोठ्याने वाचून दाखवत. पालकांना ही पद्धत पसंत होती. मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नसते.

स्टेशन डायरीत मी मोघम नोंद केली. पालकांना बोलावून घेण्याचा माझा पहिला विचार होता. हवालदारांनी तो मोडून काढला. बापाला ठाण्यात बोलावले की मुलगी शाळेतून गेलीच समजा, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर होते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मावशींनी मुलीला आपल्या घरी नेले. मी साध्या वेशात गेलो आणि दारापाशी बसलो. महिला पोलीस त्या काळी शहरात मोजक्याच, त्यामुळे प्रश्न मावशींनीच विचारले. मुलगी महाल या जुन्या वस्तीतली, वडील सरकारी कचेरीत कारकून. वय पंधरा. बराच वेळ ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग दप्तरातून तिने पत्रांचा गठ्ठा काढला. घरी सापडेल म्हणून ती तो रोज शाळेत आणत होती.

पहिले पत्र आठ महिन्यांपूर्वीचे होते. अमरावतीच्या अकरावीतल्या एका मुलीने लिहिले होते की तुझी कविता वाचली, आवडली, माझ्याशी मैत्री करशील का. त्या पत्रावर तांबड्या शाईत मुख्याध्यापिकांची सही होती. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पाचव्यापर्यंत होती. त्यानंतरच्या पत्रांवर नव्हती. बाईंना ते अक्षर ओळखीचे झाले होते. कविता आणि अभ्यासाविषयी लिहिणारी गुणी मुलगी अशी त्यांची खात्री पटली होती, आणि त्या निळे पाकीट न उघडताच मावशींकडे देत होत्या.

सही थांबली तशी पत्रे बदलली. मैत्रीण घरच्या गोष्टी विचारू लागली. या मुलीने सगळे लिहिले. थोरल्या बहिणीला वहीत कोणाची तरी चिठ्ठी सापडल्यावरून आठवीतून काढून तिचे लग्न लावून दिले, हे लिहिले. घरी खोटे सांगून सिनेमा पाहिला, हे लिहिले. शेजारच्या एका मुलाविषयी दोन ओळी लिहिल्या. मागितले म्हणून फोटोही पाठवला. त्यात गुन्हा तर सोडाच, खोडीसुद्धा नव्हती.

सोमवारचे पत्र त्याच अक्षरात होते. लिहिणारा पुरुष होता आणि त्याने ते लपवले नव्हते. "शनिवारी शाळा सुटल्यावर महाराजबागेत पक्ष्यांच्या पिंजऱ्यांजवळ एकटी ये. आली नाहीस तर तुझी सर्व पत्रे शाळेच्या पत्त्यावर पाठवीन. पुढचे तुमच्या बाई वाचतील."

शाळेतील प्रार्थनेची पद्धत त्याला ठाऊक होती. मुलीने ती कधी लिहिली का, असे मी विचारले. नाही, ती म्हणाली. मग प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबांना सांगू नका. मला दहावीपर्यंत तरी शिकू द्या." आणखी काही मागितले नाही.

ठाण्यात परतून अमरावतीला ट्रंक कॉल लावला. मुलीची उत्तरे तिथल्या एका किराणा दुकानाच्या पत्त्यावर जात. तिथल्या पोलिसांनी दोन तासांत कळवले, की कोणी एक फिरतीचा माणूस भाचीची पत्रे म्हणून ती घेऊन जातो, दुकानदाराला त्याचे नाव माहीत नाही. एवढ्यावर शनिवारी सापळा लावता आला असता. पण महाराजबागेत शनिवारी दुपारी शंभर माणसे असतात. मुलीला आमिष म्हणून उभे करायला मी तयार नव्हतो, आणि माणूस निसटला तर पत्रे टपालात पडणार होती. ती शाळेत पोचली तरी त्यांचा काही उपयोग होऊ नये, अशी व्यवस्था आधी करायला हवी होती. ती माझ्या हातात नव्हती.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकांच्या घरी गेलो. मावशींचा उल्लेख टाळला. बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "माझ्या शाळेत न वाचलेले पत्र मुलीच्या हातात जात नाही."

मी सोमवारचे पत्र टेबलावर ठेवले. अक्षर ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. मजकूर मात्र त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"ही मुलगी माझ्याकडे का आली नाही?" त्यांनी विचारले.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

पत्र त्यांनी घडी करून मला परत दिले. उद्या प्रार्थनेच्या वेळी मुलींशी मी बोलेन, एवढे म्हणाल्या आणि दरवाजापर्यंत सोडायला आल्या.

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी मुलींना काय सांगितले ते मला मावशींकडून कळले. आजपासून कोणाचेही पत्र इथे वाचले जाणार नाही. एखाद्या पत्राची कोणाला भीती वाटत असेल तर तिने माझ्याकडे यावे, मी रागावणार नाही, घरी कळवण्याआधी तिला विचारीन. एवढे बोलून त्या आत गेल्या आणि खोलीचे दार दिवसभर उघडे ठेवले. "बाईचा आवाज कापून राहिला होता साहेब," मावशी म्हणाल्या. "पोरी एकमेकीकडं पाहे. कोनाचा इस्वास बसे ना."

दुपारपर्यंत तीन मुली आल्या. तिघींकडे निळी पाकिटे होती, प्रत्येकीची मैत्रीण वेगळ्या नावाची आणि अक्षर एकच. ओळखीचे अक्षर पाहून बाईंनी तीही न उघडताच दिली होती, म्हणून आतली नावे त्यांनी पाहिलीच नव्हती. धमकीपर्यंत गोष्ट अजून कोणाचीच आली नव्हती. तीन दिवसांच्या पोलिसी तपासाने जे हाती लागले नसते ते एका उघड्या दाराने दिले.

बाईंनी मला बोलावून घेतले. चौघींच्या पहिल्या पत्रात एक गोष्ट समान होती, लेखन वाचल्याचा उल्लेख. चौघींचेही लेखन शाळेच्या वार्षिक अंकात नाव आणि वर्गासह छापलेले होते. तो अंक विकला जात नसे. पालक आणि पाहुणे यांनाच मिळे. पाहुणे कोण, असे मी विचारल्यावर बाईंनी कपाटातून अभिप्राय वही काढली. शाळेला भेट देणाऱ्याने चार शब्द लिहून सही करावी यासाठी ती ठेवलेली होती. आम्ही पाने उलटत गेलो. एका पानावर त्यांचा हात थांबला.

"येथील शिस्त वाखाणण्याजोगी आहे. सकाळची प्रार्थना ऐकण्याचा योग आला."

अक्षर थोडे उभे केलेले होते, पण रेघेच्या टोकाला येणारी बारीक गाठ तीच होती. खाली पूर्ण नाव आणि सही. शालेय मार्गदर्शिका विकणारा तो फिरता प्रतिनिधी वर्षातून दोनदा येई. बाईंनी त्याला चहा दिला होता आणि वार्षिक अंकही आपल्या हाताने दिला होता.

शनिवारी शाळा सुटली तरी मुलगी बाईंच्या सांगण्यावरून वर्गात शिवणकाम करत बसली होती. महाराजबागेत मी, हवालदार आणि दोन शिपाई साध्या वेशात होतो. साडेबाराला तो आला. चाळिशी उलटलेला, टेरिलिनचा पांढरा शर्ट, चामडी बॅग, चेहऱ्यावर कोणी दुसऱ्यांदा पाहावे असे काही नाही. त्याने मोरांच्या पिंजऱ्यापाशी उभे राहून घड्याळ पाहिले. हवालदारांनी त्याच्या नावाने हाक मारली आणि त्याने सवयीने ओ दिली. पंचनाम्यात बॅगेतून दोन मार्गदर्शिका आणि पत्रांचे सात गठ्ठे निघाले. गठ्ठे शाळेवार बांधलेले होते. काही वर्ध्याचे, यवतमाळचे, काही लहान गावांचे.

चौकशीत त्याने पहिला तास काही कबूल केले नाही. भाचीची पत्रे आहेत, हेच पालुपद. हात उगारून अशा माणसाकडून काही निघत नाही, उलट तो स्वतःला पीडित समजू लागतो. मी अभिप्राय वही त्याच्यापुढे उघडून ठेवली आणि बाहेर जाऊन चहा घेतला. परत आलो तेव्हा तो आपलेच अक्षर वाचत होता.

"मी फक्त पत्रं लिहिली, साहेब," तो म्हणाला. "कोणाला हात लावला नाही."

बाई पत्रे उघडत नाहीत हे कसे कळले, असे मी विचारले. त्याने मुलीलाच विचारले होते, तुमच्या बाई माझी पत्रे अजून वाचतात का म्हणून. तिने सरळपणे कळवले, आता नाही वाचत, त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.

"पोरी मला भीत नव्हत्या," तो थोड्या वेळाने म्हणाला. "घराला भीत होत्या, शाळेला भीत होत्या. मला वेगळं काही करावं लागलं नाही."

मी ते वाक्य जबाबात शब्दशः घेतले. फसवणूक आणि धाकदपटशा या कलमांखाली गुन्हा दाखल झाला, हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल आला, पुढे त्याला शिक्षा झाली.

मुलीचा जबाब नोंदवायचा तर वडिलांना सांगणे भाग होते. मी जायला निघालो होतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या की मी येते, आणि बोलणार मी. महालातल्या त्या घरी त्यांनी पाणीही घेतले नाही. उभ्यानेच सांगितले, "पत्रं मी तपासून दिली. तुमच्या मुलीनं ज्यावर विश्वास ठेवला ती माझी सही होती. चूक कोणाची म्हणाल तर माझी आहे."

वडील खाली मान घालून ऐकत होते. शाळेत किती जणींना माहीत आहे, एवढेच त्यांनी विचारले. कोणालाही नाही, बाई म्हणाल्या. सोमवारी आणि मंगळवारी मुलगी शाळेत आली नाही. मी मावशींकडे दोनदा निरोप पाठवून चौकशी केली. बुधवारी ती आली. तिच्या हातात दोन दिवसांच्या रजेचा अर्ज होता. कारण, प्रकृती बरी नसणे. खाली वडिलांची सही. पुढच्या वर्षी ती दहावी झाली.

आता निवृत्तीनंतर मोबाइल आणि मुले या विषयावर बोलण्यासाठी शाळा मला बोलावतात. यंत्राची माहिती मुलांना माझ्यापेक्षा जास्त आहे, ती मी सांगत नाही. अनोळखी माणूस ओळखीचा कसा होतो, आणि एकदा खात्री पटली की आपण तपासणे कसे थांबवतो, हे सांगतो. बंदी कोणती घालावी, असे मुख्याध्यापक विचारतात. मी त्यांना विचारतो की तुमच्या शाळेतली घाबरलेली मुलगी उद्या सकाळी कोणाच्या दारात जाईल.

ते भाषण मी एका पत्राने संपवतो. बॅगेत सापडलेल्या गठ्ठ्यांवरून आम्ही बाकीच्या सहा शाळांना गोपनीय पत्रे पाठवली होती. पाच ठिकाणांहून मुली सुरक्षित असल्याचे कळले. सहावे उत्तर एका लहान गावातून आले. त्याची नक्कल मी ठेवली आहे. त्यात एकच ओळ आहे. सदर विद्यार्थिनीचे नाव गेल्या वर्षी पालकांच्या विनंतीवरून पटावरून कमी करण्यात आले असून, कारण शाळेस माहीत नाही.