भाकरीच्या डब्यावरचा पंजा

गेल्या साली आमच्या घरात भूत होतं आणि ते फक्त दुपारचं यायचं.

माझी पिंपळीत पिठाची गिरणी आहे. माझी सात वर्षांची अल्फिया काही केल्या अंग धरेना. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हातापायाच्या नुसत्या काड्या. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हिला गहू कणभरही चालणार नाही. आतड्याला इजा होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गिरणीवाल्याच्या पोरीला गहू वर्ज्य! (पाहुण्यारावळ्यांत अजून हसतात.)

माझ्या बायकोनं, शमीमनं, घरातून गहू हद्दपार केला. ज्वारीसुद्धा ती घरीच जात्यावर दळायची. पोरीचे गाल भरायला लागले. मग उन्हाळा आला, दुपारची लाईट जायला लागली. शमीम अंगणवाडीत कामाला, म्हणून बंद पडलेली गिरणी सोडून मीच घरी यायचो आणि पोरीला घास भरवायचो. तिचं पोट पुन्हा बिघडलं.

एक दिवस भाकरीच्या डब्यावर पांढरा पंजा उमटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी दारावर. तिसऱ्या दिवशी झोपलेल्या पोरीच्या गालावर. पंखा बंद, घर चिडीचूप आणि पोर झोपेत कण्हतेय. सगळा वेळ तिच्याजवळ मीच होतो, म्हणजे ते माझ्या नाकासमोर येऊन गेलं होतं. माझी बोबडीच वळली.

शेजारचे तात्या हळूच म्हणाले, "भुकेलेलं हाय ते. पोरीचं अन्न तेच खातंय."

मी दोन दिवस गिरणीला कुलूप लावलं आणि दांडकं घेऊन डब्यासमोर बसलो. पंजा नाही, पोटदुखी नाही. भूत मला भिऊन पळालं, असं मी चौकात चार जणांना सांगूनही आलो. तिसऱ्या दिवशी गिरणी उघडली. संध्याकाळी पोर ओकली आणि उशीवर पंजा!

शमीमनं माझं मनगट धरून तळवा त्या पंजावर ठेवला. बोट न् बोट बसलं.

"घास भरवायच्या आधी हात धुता का हो?"

"घाण असली तर धुतो की. हे तर पीठ हाय."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. महिनाभर मी माझ्याच हातानं लेकीला गहू चारत होतो. तिथंच बसून रडलो.

आता अल्फियानं चांगलं अंग धरलंय. मला मात्र मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाहीत. परवा तात्यांनी विचारलं, भूत गेलं का?

शमीम म्हणाली, "न्हाय तात्या. आता धुवून वापरते."